दार डाव्या हाताला होतं

दुसऱ्या महायुद्धातल्या लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानात मधल्या टरेटमधून, म्हणजे बंदुकांच्या फिरत्या घुमटातून, खाली उतरून शेपटीकडे तोंड केलं, की बाहेर पडायचं दार डाव्या हाताला येतं. विमानाच्या हिशेबाने ते उजव्या अंगाला आहे, पण मागे निघालेल्या माणसाच्या डाव्या हाताला. टरेटमधून उतरायचं, भिंतीवरचं पॅराशूट काढून छातीवरच्या हुकांत अडकवायचं, काही पावलं चालायचं, दार आत ओढायचं आणि डोकं पुढे करून खाली झोकून द्यायचं. शेपटीचा आडवा पंख दाराच्या लगेच मागे असल्यामुळे ताठ उभ्याने उडी मारणाऱ्याला त्याचा फटका बसण्याची भीती, म्हणून डोकं पुढे आणि अंग खाली ठेवून. दाराच्या मागे विमानाचं धड निमुळतं होत जातं. शेपटीचा पंख जिथे धडातून आरपार जातो तिथे त्याचा खांब वाटेत आडवा येतो, त्यावरून सरपटावं लागतं, आणि मग मागच्या गनरच्या टरेटची दोन छोटी दारं लागतात.

१३ जून १९४४ रोजी, रात्री दोनच्या सुमारास, उत्तर फ्रान्सवर जळत उतरणाऱ्या एका लँकेस्टरमध्ये मधल्या टरेटचा कॅनेडियन गनर अँड्र्यू मिनार्स्की याच दाराकडे निघाला होता. पॅराशूट अंगावर होतं. बाहेर पडण्याचा हुकूम मिळालेला होता. तो बाहेर पडला नाही, सरळ मागे गेला. मला जे सांगायचं आहे ते सगळं दारापासून शेपटीपर्यंतच्या त्या काही फुटांबद्दल आहे.

मिनार्स्कीचं नाव कॅनडात शाळेला दिलेलं आहे, मॅनिटोबातल्या तळ्यांना दिलेलं आहे. त्याची गोष्ट सांगितली जाते तेव्हा ती नेहमी एका सलामाकडे धावते. सलाम खरा आहे, त्याकडे येईनच. पण घाईत एक वाक्य निसटतं: 'मागचं टरेट अडकलं होतं.' ते का अडकलं, अडकल्यावर आतल्या माणसाला नेमकं काय करता येत नव्हतं, आणि बाहेरून आलेल्या माणसाला तरी काय करता आलं असतं, हे कळल्याशिवाय मिनार्स्कीने काय केलं ते डोळ्यांसमोर उभंच राहत नाही.

आधी माणूस. अँड्र्यू चार्ल्स मिनार्स्की, जन्म १४ ऑक्टोबर १९१६, विनिपेग. आईवडील पोलंडहून आलेले. तो सोळा वर्षांचा असताना वडील गेले. घराला हातभार लावायला मुलगा फरच्या कारखान्यात कातडं कापायच्या कामाला लागला. फावल्या वेळात लाकूडकाम, विमानांच्या प्रतिकृती बनवणं. १९४१ मध्ये रॉयल कॅनेडियन एअर फोर्समध्ये दाखल झाला आणि मॅनिटोबातच मॅकडोनल्ड इथल्या शाळेत गनर झाला. गनरचं शिक्षण म्हणजे नुसता नेम नव्हे. आपणही उडतोय, समोरचाही उडतोय, गोळी पोचेपर्यंत दोघांची जागा बदललेली असते. त्यामुळे जिथे शत्रू दिसतो त्याच्या पुढे मोकळ्या आकाशात गोळी मारायची सवय हाताला लावावी लागे. बंदूक अडली तर अंधारात, हातमोजे घालून, बोटांच्या अंदाजाने ती सोडवता यावी लागे. थंडीत उघड्या बोटाने लोखंडाला हात लावला तर कातडी तिथेच चिकटून राही.

१९४४ च्या वसंतात तो इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम परगण्यातल्या मिडलटन सेंट जॉर्जच्या तळावर, ४१९ क्रमांकाच्या कॅनेडियन स्क्वॉड्रनमध्ये होता. स्क्वॉड्रन नुकतंच हॅलिफॅक्स विमानांवरून लँकेस्टरवर आलं होतं, आणि तीही कॅनडात बनलेली. टोरांटोजवळ माल्टन इथल्या व्हिक्टरी एअरक्राफ्ट कारखान्याने एकूण ४३० लँकेस्टर बांधली. त्यांना मार्क दहा म्हणत. त्यांची मर्लिन इंजिनं अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवलेली. मिनार्स्कीच्या तुकडीच्या वाट्याला आलेल्या विमानाचा क्रमांक केबी ७२६, अंगावर रंगवलेली अक्षरं व्हीआर-ए.

विमानात सात माणसं. वैमानिक आर्ट डी ब्रेन, फ्लाइट इंजिनिअर रॉय व्हिगर्स, नॅव्हिगेटर बॉब बोडी, बॉम्ब टाकणारा जॅक फ्रायडे, वायरलेसवाला जिम केली. हे पाचही पुढे, एकमेकांच्या हाताच्या अंतरावर. त्यांच्यामागे पंखांचा जाडजूड मुख्य खांब धडातून आडवा गेलेला. जाड कपडे घालून तो ओलांडणं जमिनीवरसुद्धा जिकिरीचं. त्याच्या मागे, लांबलचक अंधाऱ्या पोकळीत, दोनच माणसं. मधल्या टरेटमध्ये मिनार्स्की आणि अगदी शेवटी पॅट ब्रॉफी. उड्डाण झालं की या दोघांना पुढचे पाच जण परतेपर्यंत दिसत नसत, फक्त कानात आवाज येई. दोघं एकमेकांनाही दिसत नसत. तरी त्या पाचांपेक्षा हे दोघं एकमेकांना जवळचे.

ब्रॉफी अधिकारी होता, मिनार्स्की वॉरंट ऑफिसर, म्हणजे हुद्द्याने खाली. पायलट ऑफिसरचा हुद्दा त्याला अगदी शेवटी मिळाला. रात्री गप्पा मारून आपापल्या खोलीकडे जाताना मिनार्स्की मुद्दाम टाच जुळवून ब्रॉफीला सलाम ठोकायचा आणि म्हणायचा, 'गुड नाइट, सर.' ही त्यांची रोजची थट्टा होती. १२ जूनच्या संध्याकाळी विमानाशेजारच्या गवतात मिनार्स्कीला चार पानांचं क्लोव्हर सापडलं. तिकडे ते शुभ मानतात. ते त्याने ब्रॉफीला देऊन टाकलं. या तुकडीची ती तेरावी मोहीम होती.

आता टरेट.

मागचं टरेट म्हणजे पारदर्शक पर्स्पेक्सचं आणि पत्र्याचं एक गोल खोकं. त्यात चार ब्राउनिंग मशीनगन, ०.३०३ इंची. गोळ्या टरेटमध्ये मावत नाहीत म्हणून त्यांच्या पेट्या धडाच्या मध्यावर ठेवलेल्या, आणि तिथून पट्टे लांब पन्हळींमधून शेपटीपर्यंत नेलेले. माणूस आत बसला की गुडघे, कोपरं, खांदे सगळं कशाला तरी टेकतं. पॅराशूटला आत जागा नाही. गनरच्या अंगावर फक्त पट्ट्यांचा साज असतो, पॅराशूटचं गाठोडं टरेटच्या दारांबाहेर, धडात, भिंतीवर अडकवलेलं. लँकेस्टरमध्ये वैमानिक सोडून बहुतेकांचं असंच होतं, पण मागच्या गनरइतकं ते कुणालाच महाग पडत नसे.

कारण त्याला बाहेर पडायचं झालं तर क्रम असा: आधी टरेट अगदी सरळ आणायचं, बंदुका थेट मागे रोखलेल्या. तेव्हाच टरेटची पाठीमागची दारं आणि धडाचं तोंड एका रेषेत येतं. दारं सरकवायची, मागे हात घालून पॅराशूट काढायचं, छातीवर अडकवायचं. मग दोन वाटा. एक, धडात शिरून सरपटत त्या मघाच्या दारापर्यंत यायचं. दुसरी, पुन्हा टरेटमध्येच बसून ते पूर्ण आडवं फिरवायचं, म्हणजे पाठीमागची दारं विमानाबाहेर मोकळ्या हवेत उघडतात, आणि पाठीवर उलटं पडायचं. आग मध्ये असेल तर दुसरीच वाट. दोन्हींसाठी टरेट फिरलं पाहिजे. ते अधल्यामधल्या कोनात थांबलं, तर दारांपुढे धडाचा पत्रा अर्धामुर्धा येतो. आत येता येत नाही आणि बाहेरही पडता येत नाही.

टरेट फिरतं तेलाच्या दाबावर. हा दाब शेपटीत तयार होत नाही. मागच्या टरेटचा पंप डाव्या बाहेरच्या इंजिनावर बसवलेला आहे, आणि तिथून नळ्या पंखातून, मग धडाच्या लांबीभर शेपटीपर्यंत जातात. वेगवेगळ्या टरेटना वेगवेगळ्या इंजिनांवरचे पंप दिलेले होते, म्हणजे एक इंजिन बंद पडलं तरी सगळी टरेट एकदम मुकी होऊ नयेत. विचार चांगलाच होता. पण त्याचा अर्थ असाही होतो की मागच्या गनरचं दार डाव्या पंखाच्या टोकाकडच्या एका इंजिनाला बांधलेलं आहे, आणि त्या दोघांमधल्या नळीत कुठेही भोक पडलं तर दाब जातोच, शिवाय तेल धडात उडतं. ते पेटतं. दाब गेल्यावर हाताने फिरवायची एक कळ टरेटमध्ये असते. ती मंद असते, आणि जोर लावायला जागा नसते.

मिनार्स्कीचं मधलं टरेट त्यामानाने सुटायला सोपं. तो एका कॅनव्हासच्या झोळीवर बसायचा, डोकं आणि खांदे विमानाच्या पाठीवरच्या घुमटात, पाय धडात लोंबकळत. झोळीचा हूक सोडला की माणूस खाली. दार जवळ. विमानातल्या सातांपैकी सर्वांत चांगली सुटका त्याची होती असं मी म्हणेन, आणि हे विसरून चालत नाही.

६ जूनला नॉर्मंडीत फौजा उतरल्या होत्या. जर्मन कुमक रेल्वेने तिकडे पोचू नये म्हणून बॉम्बर कमांडची, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाची, विमानं रात्रीमागून रात्र फ्रान्समधली रेल्वेची आवारं फोडत होती. त्या रात्री आमियां, आरास आणि कांब्रे ही नावं यादीत होती. केबी ७२६ ला कांब्रे मिळालं. फ्रान्सवरच्या मोहिमा जर्मनीवरच्या मोहिमांपेक्षा हलक्या, असा समज वरच्या कचेऱ्यांमध्ये काही काळ होता. इतका, की तीस मोहिमांची एक फेरी मोजताना फ्रान्सची मोहीम एकतृतीयांश धरली जात होती. मे महिन्याच्या सुरुवातीला फ्रान्समधल्याच माय्यी-ल-कांवरच्या मोहिमेत विमानांचं जबर नुकसान झालं आणि तो हिशेब बंद करावा लागला. जो माणूस पूर्ण मरतो त्याची मोहीम एकतृतीयांश कशी, हा प्रश्न तळांवर त्याआधीही विचारला जात होता. फ्रेंच वस्ती रुळांना लागून असल्यामुळे अशा ठिकाणी जर्मन शहरांपेक्षा कमी उंचीवरून बॉम्ब टाकत. नेम सुधारे. विमान सोडावं लागलं तर वेळ मात्र तितकाच कमी मिळे.

लक्ष्याकडे जाताना मागून आणि खालून युंकर्स ८८ हे जर्मन लढाऊ विमान आलं. लँकेस्टरच्या पोटाखाली पाहायला कुणीच नसायचं. रात्रीची जर्मन लढाऊ विमानं नेमकी तिथूनच यायची. ब्रॉफीला ते दिसलं, त्याने ओरडून सांगितलं आणि डी ब्रेनने विमान कॉर्कस्क्रूमध्ये टाकलं. हा त्यांचा एकमेव खरा बचाव होता: हल्ला ज्या बाजूने येतो त्याच बाजूला तीव्र तिरकं होऊन सूर मारायचा, मग उलटं वळून वर चढायचं, पुन्हा सूर. मागच्याचा नेम बसू द्यायचा नाही. हुकूम गनर देतो, वैमानिक विचार न करता तो पाळतो. पण ०.३०३ च्या गोळीची आणि जर्मन २० मिलिमीटर तोफेची बरोबरी नव्हती. गोळे आधी पोचले. डावीकडची दोन्ही इंजिनं गेली. डाव्या पंखात आग लागली. दुसरी आग धडात, मधल्या आणि मागच्या टरेटच्या बरोबर मधोमध.

इथे आधीचं सगळं एकदम लागू होतं. डावं बाहेरचं इंजिन बंद, म्हणजे ब्रॉफीच्या टरेटचा दाब गेला. दोघांच्या मध्ये तेलावर पोसलेली आग. इंटरकॉम बंद पडला होता. बाहेर पडण्याचा हुकूम गनरांना मिळाला तो टरेटमधल्या लाल दिव्याच्या उघडझापीतून: एक लहान, दोन लांब, एक लहान. मोर्समध्ये पी. पॅराशूटचा पी.

पुढच्या बाजूला काय झालं ते सहसा तळटिपेत जातं, पण मला ते इथेच हवं आहे. पुढच्या पाचांना नाकातल्या जमिनीवरच्या झडपेतून पडायचं होतं. ती झडप २२ इंच रुंद, हॅलिफॅक्सच्या झडपेपेक्षा दोन इंच कमी. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन युद्धकाळात बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात कामाला होता. पाडल्या गेलेल्या विमानांतून किती माणसं जिवंत बाहेर पडतात याची तुलना त्याने तेव्हा पाहिली होती. हॅलिफॅक्समधून शंभरात साधारण पंचवीस, लँकेस्टरमधून पंधरा. जाड कपडे, छातीवर गाठोडं, आणि गिरक्या घेणारं विमान, यात दोन इंचांना केवढी किंमत होती ते या आकड्यांत आहे. केबी ७२६ मध्ये फ्रायडेने झडप उघडली आणि आत घुसलेल्या वाऱ्याने तिचं झाकण त्याच्या कपाळावर आदळलं. तो बेशुद्ध होऊन झडपेजवळ आडवा पडला. म्हणजे इतर चौघांची वाटही बंद. व्हिगर्सने त्याला उचललं, त्याचं पॅराशूट त्याच्या अंगावर अडकवलं, आणि ते उघडेल अशा बेताने त्याला झडपेतून खाली सोडलं. फ्रायडे वाचला. शुद्धीवर आला तेव्हा जर्मनांच्या कैदेत होता. मग व्हिगर्स आणि इतर पडले, डी ब्रेन सर्वांत शेवटी.

एकाच विमानात, एकाच मिनिटाच्या आसपास, पुढे एकाने एकाला वाचवलं आणि मागे एकाने एकाला वाचवायचा प्रयत्न केला. व्हिगर्सच्या हाताला जे करायचं होतं ते होण्याजोगं होतं: हूक, दोरी, झडप. मिनार्स्कीच्या हाताला जे करायचं होतं ते होण्याजोगं नव्हतं. धैर्यात तोळाभर फरक नसेल, फरक यंत्राचा होता.

मिनार्स्की झोळीतून उतरला, दाराशी आला. उडी मारण्यापूर्वी त्याने शेपटीकडे पाहिलं. ब्रॉफी टरेटमध्येच होता. टरेट फिरत नव्हतं, आणि हाताची कळ त्याच्या झटापटीत तुटली होती. मिनार्स्की वळला आणि आगीतून, हाता-गुडघ्यांवर, मागे गेला. शेपटीच्या खांबावरून पलीकडे जाताना माणसाला ओणवं व्हावंच लागतं, आणि छातीवर अडकवलेलं पॅराशूट तेव्हा जमिनीच्या, म्हणजे पेटत्या तेलाच्या, सर्वांत जवळ येतं. ते गाठोडं त्याने काढून दाराशी ठेवलं असतं तर? असा विचार मी अनेकदा केला आहे. पण ते अडकवलेलंच होतं, तो बाहेर पडण्याच्या तयारीत होता, आणि ते काढून ठेवणं म्हणजे परत येऊन धुरात शोधणं. ज्याच्याकडे काही सेकंद आहेत तो असे हिशेब मांडत नाही.

त्याने आग विझवायच्या साहित्यातली कुऱ्हाड घेतली आणि टरेटवर घाव घातले. मग नुसत्या हातांनी दारं ओढली. टरेट धडाच्या पत्र्यात एका लोखंडी कड्यावर बसवलेलं असतं. माणसाने हातांनी ते फिरवायचं म्हणजे चार बंदुका, चिलखती पत्रा आणि आतला माणूस यांच्यासकट फिरवायचं, आणि ज्या यंत्रणेने ते एरवी फिरतं तिनेच आता ते जखडून धरलेलं. कुऱ्हाडीने पत्रा फाटला असता, कडं तुटलं नसतं. मिनार्स्कीला हे त्या क्षणी ठाऊक होतं का? टरेट हाच ज्याचा धंदा, त्याला पहिल्या घावानंतर कळलं असणार असं मला वाटतं. तरी तो थांबला नाही. कमरेपर्यंत कपडे पेटले होते.

ब्रॉफीने काचेतून हात हलवून त्याला सांगितलं, परत जा. त्याला ओरडूनही सांगावं लागलं. मिनार्स्की मागे फिरला. पाठ करून नव्हे. आगीतून मागे सरकत, तोंड ब्रॉफीकडे ठेवून, तो दारापर्यंत गेला. तिथे तो उभा राहिला. ताठ. जळत्या कपड्यांत त्याने सलाम केला. ओठ हलले. ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण ब्रॉफीला जन्मभर खात्री होती की तो रोजचंच म्हणाला: गुड नाइट, सर.

मग तो पडला. खाली शेतांतल्या फ्रेंच माणसांनी आकाशातून जळत येणारा माणूस पाहिला. पॅराशूट जळत होतं, कपडे जळत होते. त्यांना तो जिवंत सापडला. भाजल्याच्या जखमांनी तो गेला. वय २७.

ब्रॉफी टरेटमध्ये एकटा, वैमानिक नसलेल्या विमानाच्या शेपटीत, पोटात बॉम्ब घेऊन खाली येत होता. विमान उतरत्या कोनात, बरंचसं सपाट, जमिनीवर आलं. डावा पंख झाडाला लागला, शेपूट गरकन फिरलं, आणि ज्या टरेटला कुऱ्हाड, कळ आणि माणसाचे हात हलवू शकले नव्हते ते त्या हिसक्याने मोडून ब्रॉफीसकट बाहेर फेकलं गेलं. वीस बॉम्बपैकी दोनच फुटले. ब्रॉफी झाडाशी पडलेला, जवळजवळ धडधाकट. मनगटावरचं घड्याळ दोन वाजून तेरा मिनिटांवर थांबलं होतं. फ्रेंच भूमिगतांनी त्याला लपवलं आणि सप्टेंबरात तो इंग्लंडला परतला. डी ब्रेन, बोडी आणि केलीही फ्रेंचांच्या मदतीने सुटले. व्हिगर्स आणि फ्रायडे युद्धकैदी झाले. सातांपैकी सहा जण जगले. मेला तो एकटाच, ज्याची सुटका सर्वांत सोपी होती.

ब्रॉफीने डी ब्रेनला हे सगळं सांगितलं तेव्हा कुठे ते कागदावर आलं. ११ ऑक्टोबर १९४६ रोजी मिनार्स्कीला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर जाहीर झालं. ते मानपत्र मी पुष्कळदा वाचलं आहे. त्यात शत्रूचं काही नुकसान केल्याचं एक अक्षर नाही. त्यात एक प्रयत्न आहे आणि तो फसला असं स्पष्ट लिहिलं आहे. शेवटी ब्रॉफीची साक्ष आहे: मला वाचवायचा प्रयत्न केला नसता तर तो सुखरूप बाहेर पडला असता.

याच उन्हाळ्यात, सत्तावीस दिवसांनी, १० जुलै १९४४ रोजी इटलीत, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे पडले. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटची तिसरी बटालियन. सेक्शनमधले सोबती मशीनगनने पाडल्यावर ते एकटेच त्या मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले. आधी ग्रेनेड, मग टॉमीगन, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने. मोर्चा संपला, मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. तेच पदक, तेही मरणोत्तर. घाडगे शत्रूवर चालून गेले आणि त्यांनी तो मोर्चा मोडला. मिनार्स्की शत्रूकडे पाठ करून एका लोखंडी दाराशी झगडला, आणि दार मोडलं नाही. दोन्ही एकाच पदकात बसतात, हे मला त्या पदकाबद्दलचं सर्वांत बरं वाटतं.

पण या गोष्टीत मला छळणारी बाब दुसरीच आहे. तिचा एकच साक्षीदार आहे, आणि तो मरायला हवा होता. झाड दोन हात बाजूला असतं, किंवा तिसरा बॉम्ब फुटला असता, तर ब्रॉफी टरेटमध्ये राहिला असता. डी ब्रेन, व्हिगर्स, केली पुढून पडले होते, त्यांना मागचं काही दिसलं नव्हतं. त्यांच्या लेखी मिनार्स्की उशिरा उडी मारलेला एक गनर ठरला असता, भाजून मेलेला. अशा गनरांच्या नोंदी एका ओळीत संपतात.

बॉम्बर कमांडमध्ये साधारण सव्वा लाख माणसं उडाली. ५५,५७३ मेली. शंभरातली चव्वेचाळीस. त्यातली बहुसंख्य रात्री, अंधारात, अशा विमानांत ज्यातून कुणीही परत आलं नाही. आगीच्या पलीकडे अडकलेल्या माणसाकडे वळून पाहणारा मिनार्स्की एकटाच होता, असं मानायला माझ्याकडे काहीच कारण नाही. कुणी दाराशी थांबलं असेल, कुणी जखमी सोबत्याच्या अंगावर आपलं पॅराशूट अडकवलं असेल, कुणी शेवटपर्यंत विमान सपाट धरून ठेवलं असेल. त्या विमानांतले ब्रॉफी झाडाशी फेकले गेले नाहीत. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये २०१२ साली उभ्या राहिलेल्या बॉम्बर कमांडच्या स्मारकात सात विमानकर्मींचे पुतळे आहेत, मोहिमेवरून परतलेले, थकलेले. त्यांना नावं दिलेली नाहीत, आणि ते योग्यच केलं आहे.

मिनार्स्की फ्रान्समध्येच, सोम परगण्यातल्या मेआरिकूर गावाच्या दफनभूमीत आहे. मिडलटन सेंट जॉर्जचा तळ आता विमानतळ झाला आहे, तिथे त्याचा पुतळा आहे, सलाम करणारा. आणि कॅनडात हॅमिल्टनच्या विमान संग्रहालयात एक लँकेस्टर आहे. जगात आजही उडू शकणाऱ्या दोन लँकेस्टरपैकी एक, दुसरं इंग्लंडमध्ये. हॅमिल्टनचं विमान केबी ७२६ नव्हे. माल्टनच्याच कारखान्यातलं, एफएम २१३, युद्ध संपता संपता बनलेलं. अनेक वर्षं ओंटारियोत उघड्यावर उभं होतं, मग उतरवून, दुरुस्त करून १९८८ मध्ये पुन्हा उडवलं. त्याच्या अंगावर व्हीआर-ए ही अक्षरं रंगवली आहेत.

त्यात चढायचं ते मागच्याच दारातून, छोट्या शिडीने, वाकून. आत आलं की कॉकपिट उजवीकडे, आणि सगळ्यांना तिकडेच जायचं असतं. डावीकडे वळून वाकलं तर शेपटीचा खांब आडवा दिसतो, भिंतीच्या कडेने गोळ्यांच्या पन्हळी दिसतात, आणि त्यांच्या शेवटी टरेटची दोन छोटी दारं. जास्त लांब नाहीत.